प्लास्टर करायच्या आधी नेटवर्कसाठी एक पाइप टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत सध्या तीन घरांची कामं चालू आहेत. दोन घरांचा स्लॅब पडलाय, तिसऱ्याच्या भिंती उभ्या झाल्यात आणि पावसाच्या आत प्लास्टर उरकायची सगळ्यांनाच घाई आहे. मी तिन्ही घरांत आत जाऊन पाहून आले. लाइटचे पाइप आहेत, एसीचा आहे, इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढलीये, गच्चीवरच्या डिशची वायर खाली आणायला सुद्धा झिरी मारलीये, पण नेटवर्कच्या वायरसाठी एकाही घरात एक पाइप नाही. एका काकांना विचारलं तर म्हणाले, "अवो वहिनी, आता सारं वायफायवर चालते, वायर टाकून भिंत काहून खराब करता?" हेच वाक्य २०१६ मध्ये आमचं घर बांधताना आमच्या वायरमनने मला ऐकवलं होतं आणि मी ऐकून घेतलं होतं, त्याची किंमत आम्ही पुढे कितीतरी वर्षं मोजली, म्हणून हे पत्र लिहून राहिले.

मी गणिताची शिक्षिका आहे, संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांना ऑनलाइन शिकवते. मिस्टर मिहानमधल्या एका कंपनीत आहेत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतात. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. खाली सासू-सासरे, वरच्या माळ्यावर आम्ही, आणि मागच्या प्लॉटवर दिराचं घर. इंटरनेटचं कनेक्शन खाली बैठकीत आलेलं, कारण कंपनीचा मुलगा आला तेव्हा त्याला तिथली खिडकी जवळ पडली, त्याने तिथेच भोक पाडलं आणि तिथेच राउटरचा, म्हणजे घरात वायफाय देणारा, डबा ठोकला. डबा कुठे बसवायचा हे घरातल्या माणसांनी ठरवायला पाहिजे हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मग लॉकडाऊन लागला आणि २०२० च्या एप्रिलमध्ये आमचं नेट अचानक खराब झालं. फेब्रुवारीत धड चालणारं नेट वरच्या खोलीत येईचना. कंपनीला फोन केले, प्लॅन वाढवला, काही फरक नाही, आणि जुलैमध्ये ते आपोआप सुधारलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा तेच. तेव्हा मुलाने शोधून काढलं की मधे कूलर आहे. नागपुरात उन्हाळ्यात कूलर लागला नाही असं घर शोधून सापडायचं नाही, आणि आमचा लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर त्याच खिडकीत बसतो, बरोबर राउटर आणि जिन्याच्या मधे. वायफाय म्हणजे रेडिओ लहरी, त्या धातूच्या पत्र्यातून आरपार जात नाहीत, आणि वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींपैकी २.४ च्या लहरी पाणीही शोषून घेतं. आमचा कूलर म्हणजे पत्र्याची पेटी आणि तिच्यात टाकीभर पाणी. लोखंडी कपाटाचं तेच, मोठ्या आरशाचं तेच, स्लॅबमधल्या सळयांच्या जाळीचंही बऱ्यापैकी तेच. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंतींमधून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दुसऱ्या खोलीत पोचतानाच दमतं. घराघरात हे असंच चालू असतं आणि सगळे दोष देतात प्लॅनला, पैसे भरून भरून स्पीड वाढवतात, वाढीव स्पीड त्या खिडकीतल्या डब्यापर्यंत येतो आणि तिथून पुढे आपल्याच घरात अडकतो.

खरं म्हणजे इंटरनेट वेगळं, वायफाय वेगळं आणि घरातलं नेटवर्क वेगळं. इंटरनेट म्हणजे बाहेरून दारापर्यंत येतं ते, नळाच्या मेन लाइनसारखं. घरात एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे माहिती नेणारी जी व्यवस्था असते ते नेटवर्क, आणि वायफाय हा त्यातला फक्त बिनवायरचा तुकडा. आमच्याकडे आता रस्ता खोदताना फायबर तुटली, आणि सिमेंट रोडच्या कामात ती किती वेळा तुटते हे नागपूरकरांना सांगायला नको, तरी वरच्या कॉम्प्युटरवरून खालच्या प्रिंटरवर प्रिंट निघते आणि खाली साठवलेले फोटो सासूबाई टीव्हीवर बघतात. इंटरनेट गेलं म्हणून घर बंद पडत नाही.

पण तिथे पोचायच्या आधी आम्ही दोन चुका केल्या, त्या सांगते, कारण त्या मी अजूनही ओळखीच्या घरांत होताना बघते.

पहिली चूक रिपीटरची. जिन्यात सॉकेटला लावायचा रिपीटर, म्हणजे राउटरचं वायफाय पुढे पोचवणारा डबा, आणला. मोबाइलवर सगळ्या कांड्या दिसायला लागल्या आणि तास मात्र अजूनच अडकायला लागला. कारण वायफाय वर्गासारखं चालतं, एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीच्यांनी थांबायचं. साधा रिपीटर राउटरचं ऐकतो आणि तेच पुन्हा त्याच चॅनलवर बोलून दाखवतो, म्हणजे प्रत्येक वाक्य वर्गात दोनदा बोललं जातं आणि वेळ दुप्पट जातो, स्पीड साधारण निम्मा होतो. त्यात शेजारपाजारचे राउटरही तेच चॅनल धरून बसलेले. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या गल्लीत मोबाइलवरच्या ॲपने बघितलं तर एका वेळी चौदा वायफाय दिसत होती. वायरचं तसं नाही, नेटवर्कच्या सगळ्या वायरी एकत्र जोडायचा जो डबा असतो त्या स्विचला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःची वाट असते आणि एकाच वेळी बोलताही येतं, ऐकताही येतं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. मागे दिराच्या घरी पण नेट हवं म्हणून आमच्या गच्चीवरून त्यांच्या गच्चीपर्यंत तांब्याची साधी लॅन केबल, म्हणजे नेटवर्कची वायर, ताणली. एक उन्हाळा गेला, उन्हाने केबलचं वरचं आवरण पांढरं पडून चिरायला लागलं कारण ती घरात वापरायची केबल होती, बाहेरची काळ्या जाड आवरणाची वेगळी मिळते. आणि मग मृगाच्या आधीचं पहिलं वादळ आलं, विदर्भात ते कसं येतं माहीतच आहे, धूळ, वारा आणि कडकडाट. वीज आमच्या घरावर पडली नाही, जवळपास कुठेतरी पडली असावी, पण त्या ताणलेल्या तांब्याच्या तारेत झटका आला आणि स्विच, टीव्हीचा लॅन पोर्ट आणि मुलाच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड तिन्ही एका क्षणात गेले. सासूबाई तेव्हा टीव्हीसमोरच बसल्या होत्या. त्यांना काही झालं नाही, पण तो प्रसंग आठवला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. म्हणून हात जोडून सांगते, दोन घरांच्या मधे उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नका. तिथे फायबर टाका, ती काचेची असते आणि काचेतून वीज वाहत नाही, फक्त तिला आधार म्हणून लोखंडी तार असते ती घरात आणू नका, बाहेरच कापा. दोन्ही टोकांना फायबर आणि लॅन केबल जोडून देणारे मीडिया कन्व्हर्टर नावाचे छोटे डबे लागतात. आम्ही आता तसंच केलंय आणि त्यानंतरचे सगळे पावसाळे नीट गेले.

घरातल्या घरात मात्र तांब्याची कॅट ६ केबल उत्तम. तयार घराच्या भिंती फोडायच्या नव्हत्या म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मुलाने मिळून भिंतीवर पट्टी मारून तिच्यातून केबल नेली. बर्डीच्या बाजारातून केबल, तिच्या टोकाला लावायचे जॅक, जॅक दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल, केबल तपासायचा टेस्टर आणि आठ पोर्टचा गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, स्विच आणला. केबल घेताना एक गोष्ट बघा, दुकानात स्वस्तातली म्हणून जी देतात ती बरेचदा आतून ॲल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी चमक दिसते. ती वाकवली की तुटते, आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून करंट द्यायचा असेल तर तापते. शुद्ध तांब्याचीच मागा, खरवडून बघायला लाजू नका.

जॅक मारायचं काम मिस्त्रीशिवाय जमतं. आत आठ बारीक तारा असतात, चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकीभोवती पिळलेली. तो पीळच महत्त्वाचा, त्याच्यामुळे बाहेरची खरखर दोन्ही तारांवर सारखीच येते आणि रद्द होते, म्हणून जॅकपाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही. रंगांचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. पहिल्या दिवशी सगळं लागलं, दिवेही पेटले, पण वरच्या कॉम्प्युटरवर स्पीड ९४ एमबीपीएसच्या वर जाईना, घरात प्लॅन २०० चा. आम्ही परत कंपनीला फोन करायच्या बेतात होतो. मग टेस्टर लावला तर सातवा दिवा पेटतच नव्हता, पांढरा-तपकिरी तार जॅकमध्ये पूर्ण आत गेलीच नव्हती. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, म्हणून एक तार सुटली की नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं आणि आपल्याला कळतही नाही. नवा जॅक मारला आणि पूर्ण स्पीड आला. तुमच्याकडेही ९४-९५ वर आकडा अडकला असेल तर प्लॅन बदलायच्या आधी जॅक तपासा. कधी कधी जुन्या डब्याचा पोर्टच १०० चा असतो, तेही बघा.

आता वरच्या माळ्यावर वायफाय लागतंच, मोबाइलला वायर कोण लावणार. त्यासाठी नवीन काही घेतलं नाही, कपाटात पडलेला जुना राउटर वापरला. खालून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं इंटरनेट लावायच्या जागी, न लावता लॅन पोर्टमध्ये लावली, त्यातला यंत्रांना पत्ते वाटणारा डीएचसीपी बंद केला, कारण घरात पत्ते वाटणारा एकच पाहिजे, दोघे वाटायला लागले तर यंत्रं भलत्या पत्त्यावर जातात आणि अधूनमधून नेट जातं. खालच्या मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे म्हणून वरच्याला १९२.१६८.१.२ दिला. दोघांचं नाव आणि पासवर्ड सारखा ठेवला, चॅनल वेगळं, खाली १ आणि वर ११. आता मोबाइल घेऊन जिना चढलं तरी बहुतेक वेळा फोन तुटत नाही. प्रिंटरला मुख्य राउटरमधून एक पत्ता कायमचा राखून ठेवला, नाहीतर लाइट गेली की त्याचा पत्ता बदलायचा आणि कॉम्प्युटर त्याला शोधत बसायचा.

जे जागचं हलत नाही, म्हणजे टीव्ही, डेस्कटॉप, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, माझं शिकवायचं टेबल, ते सगळं वायरवर घेतलं आणि जे हातात फिरतं तेवढंच वायफायवर ठेवलं. वायफायवरची गर्दी कमी झाली तसं वायफायही सुधारलं. आमच्या घरातले सगळे फोटो जवळपास ५० जीबी होते, ते खालच्या जुन्या डेस्कटॉपवर साठवायचे म्हणजे १०० च्या लाइनवर तासाभरापेक्षा जास्त वेळ, गिगाबिटवर दहा मिनिटांच्या आत-बाहेर. सासऱ्यांच्या तरुणपणीचे कागदी फोटो पण मुलाने स्कॅन करून त्यात टाकलेत, आणि ते कोणत्याही कंपनीच्या भरवशावर नाहीत, आमच्या घरात आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

उन्हाचं एक सांगायचं राहिलं. घरगुती राउटरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बहुतेक वेळा ० ते ४० अंश तापमान लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि लोक राउटर ठेवतात वरच्या माळ्याच्या सज्जावर, तापलेल्या स्लॅबच्या खाली, कपड्याच्या गाठोड्याला टेकून. दुपारी तीनला नेट जातं आणि रात्री येतं त्याचं कारण अनेक घरांत एवढंच असतं. राउटर भिंतीवर खांद्याच्या उंचीला, मोकळ्या हवेत लावा, धूळ पुसत जा. आणि त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, लाइट गेली तरी मुलांचा तास चालू राहतो.

पासवर्डबद्दल दोन शब्द. राउटर आणि कॅमेऱ्यांवर कंपनीने घालून दिलेला पासवर्ड कित्येक घरांत तसाच आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्याची युक्ती एवढीच होती की तो असे कारखान्यातले ठरावीक पासवर्ड एकेक करून लावून बघायचा. म्हणून राउटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, पासवर्ड न टाकता यंत्र जोडून घेणारं डब्ल्यूपीएसचं बटण सेटिंगमधून बंद करा, सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवा. आपल्याकडे घराघरात भाडेकरू मुलं असतात, त्यांना नेट जरूर द्या, पण राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क म्हणून सोय असते त्यातून द्या, म्हणजे तुमचे फोटो आणि तुमचे कॅमेरे त्यांच्या मोबाइलवर उघडत नाहीत.

हे सगळं आम्ही तयार घरात केलं, भिंतीवर पट्ट्या दिसतात, एका ठिकाणी पट्टी दारावरून फिरवून न्यावी लागली, आणि सासऱ्यांच्या खोलीत तर केबल पोचलीच नाही, तिथे अजूनही वायफायच अर्धवट चालतं. घर बांधतानाच हे केलं असतं तर जो खर्च आला असता तो घराच्या खर्चात दिसलाही नसता. म्हणून ज्यांची कामं चालू आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. घराच्या मध्यावर एक जागा ठरवा, तिथे दोन प्लग पॉइंट द्या, आणि तिथून प्रत्येक खोलीत, वरच्या माळ्यावर आणि गच्चीवर २५ एमएमचा एकेक रिकामा पाइप जाऊ द्या. एक पाइप फाटकाकडून त्या जागेपर्यंत, म्हणजे इंटरनेटवाल्याला खिडकीत भोक पाडावं लागणार नाही. स्लॅबमधून जाणारा पाइप काँक्रीट पडायच्या आधी, भिंतीतला प्लास्टरच्या आधी. लाइटच्या पाइपमध्ये ही केबल घालू नका, त्यात खरखर येते आणि कधी आवरण गेलं तर २३० व्होल्ट थेट यंत्रात येतात, वेगळा पाइप आणि थोडं अंतर ठेवा. वळणं गोल ठेवा आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. आज केबल टाकायला पैसे नसतील तर टाकू नका, पाइप तेवढा टाका. राउटर दर चार-पाच वर्षांनी जुना होतो, वायफायच्या पिढ्या बदलतात, २००९ मध्ये एक आली, २०१३ मध्ये दुसरी, नंतर वायफाय ६, पण कॅट ६ केबलचं स्टँडर्ड २००२ चं आहे आणि आजही घराला पुरून उरतं. आणि उद्या नाही पुरलं तर पाइप असला की दोरी ओढून नवीन टाकता येईल.

बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळींनाही विनंती आहे. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडे एवढ्या स्कीम उभ्या राहून राहिल्यात, माहितीपत्रकात स्विमिंग पूल असतो, नेटवर्क पॉइंट कुठे कुठे ते नसतं. देशाच्या २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये इमारतीतल्या दूरसंचार आणि माहिती व्यवस्थेसाठी वेगळा विभाग आहे, आणि ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी स्टार रेटिंग द्यायचे नियम काढलेत. फ्लॅट घेणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळी हे विचारायला सुरुवात केली तर बिल्डर देतील, आपण टाइल्सचा रंग विचारतो आणि हे विचारत नाही. आयटीआयमधून शिकून निघणाऱ्या वायरमन मुलांना लाइट फिटिंगबरोबर जॅक मारणं, टेस्टर वापरणं आणि नेटवर्कचा पाइप वेगळा टाकणं दोन दिवस जरी हाताने करून शिकवलं तरी त्यांना कामं मिळतील आणि आमच्यासारख्यांना माणूस शोधत फिरावं लागणार नाही. आपल्या पेपरात घरबांधणीची पुरवणी येते, त्यात एखाद्या जाणकाराकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्यावा ही आपल्यालाही विनंती.

आमच्या गल्लीतल्या त्या तीन घरांपैकी एकाने परवा पाइप आणून टाकला, चार खोल्यांचे चार. दुसरे अजून विचार करतायत. काकांकडे येत्या सोमवारी प्लास्टर सुरू होणार आहे, रविवारी सकाळी त्यांना आमच्याकडे चहाला बोलावलंय, वरच्या माळ्यावरच्या पट्ट्या आणि सासऱ्यांची खोली दोन्ही दाखवणार आहे.

आपली,
एक वाचक शिक्षिका
मानेवाडा, नागपूर